मॉल पाडायला परवानगी देण्याआधी

प्रति,
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई
आणि मुंबई महानगर प्रदेशातल्या सर्व महापालिकांचे मा. आयुक्त

स.न.वि.वि.

एलबीएस रोडवरच्या एका मॉलमध्ये तळमजल्यावर माझं मॅचिंग सेंटर आहे. फॉल, अस्तर, परकर, रुबिया, टू बाय टू, लेस, बटणं. गाळा एकशे दहा चौरस फुटांचा. माझ्या मिस्टरांची कंपनी याच रस्त्यावर होती. ती बंद झाली, व्हीआरएसचे पैसे मिळाले, आणि २००७ साली त्यातले बहुतेक पैसे घालून आम्ही हा गाळा घेतला. मॉलचं नाव इथे लिहीत नाही. आमच्या मॉलचं जे झालं तेच दुसऱ्या अनेक मॉलचं झालंय, आणि मला भांडण एका बिल्डरशी करायचं नाही, आपल्याशी बोलायचंय.

गेल्या पावसाळ्यात आम्हा गाळेधारकांना एक पत्र आलं. मॉल तोट्यात आहे, इमारत पाडून तिथे दोन टॉवर उभे करण्याचा प्रस्ताव आहे. वर फ्लॅट, त्याखाली सहा मजले पार्किंग, रस्त्याला लागून एक मोठं शोरूम. गाळेधारकांबद्दल एकच ओळ होती, ‘नियमानुसार मोबदला’. आणि रोज त्या इमारतीत येणाऱ्या हजारो माणसांबद्दल ती एक ओळसुद्धा नव्हती.

असे प्रस्ताव येत्या काही वर्षांत आपल्या टेबलावर एकामागून एक येत राहणार. म्हणून माझी मागणी सुरुवातीलाच लिहिते. मॉल पाडून वर काय बांधायचं ते बांधू द्या, पण खालचे दोन मजले लोकांचे राहू द्या. ते दोन मजले आधी पूर्ण करून घ्या, पालिकेने आधी ताब्यात घ्या, आणि मगच वरच्या इमारतीला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, द्या. ‘आधी’ या शब्दावर माझा एवढा जोर का आहे, ते पुढे येईलच.

मॉल आतून कसा असतो ते माझ्या काउंटरवरून सांगते. बाई साडी घेऊन येते, पदराचं टोक काउंटरवर पसरते. मी मागच्या फळीवरून तीन-चार ताके काढते. आतल्या ट्यूबलाइटखाली रामा आणि मोरपंखी सारखेच दिसतात. चिंतामणी रंग निळ्याकडे झुकतोय की जांभळ्याकडे, ते कुणालाच सांगता येत नाही. मग मी ताका काखेत मारते आणि म्हणते, ‘चला ताई, उजेडात बघू.’ आम्ही दोघी पन्नास-साठ पावलं चालत मुख्य दाराशी जातो, सिक्युरिटीची चौकट ओलांडून पायरीवर उभ्या राहतो, आणि तिथे रंग कळतो. कधी पहिल्याच ताक्याला जमतं, कधी तीन फेऱ्या होतात. सतरा वर्षं मी रोज हे करते आहे. दादरला रस्त्यावरच्या मॅचिंगवाल्याला हे करावं लागत नाही, तो हात पुढे केला की उन्हात असतो.

आमच्या इमारतीला खिडक्याच नाहीत. रस्त्याकडून पाहिलं तर काचेचं एक दार, बाकी जाहिरातींचे फलक, एसीचे पाइप आणि गाड्या खाली उतरण्याचा उतार. शंभरच्या वर दुकानं आहेत, पण रस्त्याने चालणाऱ्या माणसाला त्यांतलं एकही दिसत नाही. सगळ्यांची तोंडं आत आणि पाठी रस्त्याकडे. बरे दिवस होते तेव्हा हे चालून गेलं. गर्दी ओसरल्यावर मात्र याच रचनेने आम्हाला मारलं, कारण जाता जाता सहज आत शिरणारं गिऱ्हाईक आम्हाला कधी नव्हतंच.

ही पाठ फिरवलेली इमारत आली कुठून, ते मला फार उशिरा कळलं. मुलगी मिनिआपोलिसला असते. तिच्या बाळंतपणाला गेले तो जानेवारी होता, बाहेर उणे वीस. घरात बसून गुडघे आखडले, तेव्हा ती मला सकाळी ईडायना नावाच्या उपनगरातल्या साउथडेल मॉलमध्ये चालायला सोडायची. आत माझ्याच वयाची माणसं, पायात बूट, दोघं-दोघं मिळून फेऱ्या मारत असलेली. मला मॉलमध्ये दुकान चालवण्याची सवय, त्यामुळे माझं लक्ष सारखं दुकानांकडे. त्या माणसांचं लक्ष दुकानांकडे अजिबात नव्हतं, आणि त्यांना कुणी हटकतही नव्हतं.

साउथडेल उघडला ८ ऑक्टोबर १९५६ रोजी. वरून पूर्ण झाकलेला, बारा महिने एकाच तापमानात ठेवलेला अमेरिकेतला पहिला प्रादेशिक मॉल म्हणून त्याला ओळखतात. प्रादेशिक म्हणजे एका वस्तीपुरता नव्हे, आजूबाजूच्या पाच-दहा उपनगरांनी यावं असा. त्याचा वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा. १९३८ साली नाझींच्या तावडीतून निसटून तो अमेरिकेत आला. उपनगरात राहणाऱ्या लोकांना सगळीकडे गाडीने जावं लागतं, चार माणसांनी भेटावं अशी जागाच नाही, हे त्याला खुपत होतं. त्याला त्यांच्यासाठी एक चौक उभारायचा होता. म्हणून मॉलच्या मध्यभागी त्याने झाडं लावली, पाणी खेळवलं, उंच पिंजऱ्यात पक्षी ठेवले. त्याच्या आराखड्यात मॉलभोवती घरं होती, शाळा होती, दवाखाना होता, बाग होती.

बांधली गेली ती दुकानं. भोवती राहिलं ते गाड्यांचं मैदान. जगभर नक्कल झाली ती या अर्धवट आराखड्याची. आयुष्याच्या शेवटी ग्रुएन व्हिएन्नाला परतला होता, आणि आपल्या नावाने उभ्या राहिलेल्या या मॉलांची जबाबदारी घ्यायला त्याने जाहीरपणे नकार दिला. आपल्याकडे ती नक्कल आली तेव्हा त्यातला मधला चौकसुद्धा विक्रीसाठी भाड्याने गेला. आमच्या मॉलच्या मधल्या मोकळ्या जागेत कधी गाडीची जाहिरात असते, कधी क्रेडिट कार्डवाल्यांची टेबलं. बाकडं मात्र एकही नाही.

साउथडेल आता सत्तरीला आलाय, पण तो मेला नाही. जेसीपेनी नावाचं मोठं दुकान उठलं, त्या जागी व्यायामशाळा आली. पार्किंगच्या कोपऱ्यांत राहायच्या इमारती झाल्या, हॉटेल झालं. ग्रुएनने आखलेलं थोडंफार साठ वर्षांनी उगवलं. सगळ्याच मॉलांचं नशीब असं नव्हतं, अमेरिकेत कित्येक मॉल मोडीत निघाले. पण काही ठिकाणी मोडलेल्या मॉलचं जे केलं गेलं ते आपण पाहावं असं आहे. टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात १९७१ चा हायलँड मॉल रिकामा होत गेला, तेव्हा तो तिथल्या कम्युनिटी कॉलेजने टप्प्याटप्प्याने घेतला. जिथे चादरी आणि भांडी विकली जायची तिथे आज शेकडो संगणकांची अभ्यासिका आहे. नॅशव्हिलच्या वन हंड्रेड ओक्स मॉलचा वरचा मजला वँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयाने बाह्यरुग्ण तपासणीसाठी घेतला आणि खाली दुकानं चालू राहिली. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन गावात हायस्कूलच्या इमारतीत घातक रसायन सापडलं, तेव्हा २०२१ मध्ये मुलांचे वर्ग मेसीजच्या बंद दुकानात भरू लागले. मुलं सरकत्या जिन्याने वर्गात जायची. या तिन्ही ठिकाणी कुणीतरी सार्वजनिक संस्था पुढे आली आणि म्हणाली, ही जागा आम्हाला हवी आहे. आपल्याकडे हे म्हणणारं कोण आहे? मला तरी पालिकेशिवाय दुसरं कुणी दिसत नाही.

आता आपल्या रस्त्याकडे येते. एलबीएस रोड म्हणजे जुना आग्रा रोड. कुर्ल्याला मुकुंद, भांडुपला जीकेडब्ल्यू आणि एशियन पेंट्स, मुलुंडला हेक्स्ट. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा पाळी सुटली की या रस्त्यावर सायकली आणि माणसांमुळे बस हलत नसे. मग एकेक भोंगा बंद झाला, आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत याच रस्त्यावर मॉल उभे राहिले. मुलुंडला निर्मल लाइफस्टाइल आणि आर मॉल, भांडुपला ड्रीम्स, घाटकोपरला आर सिटी, कुर्ल्याला फिनिक्स मार्केटसिटी. कुर्ला ते मुलुंड एवढ्या पट्ट्यात इतके मॉल, आणि प्रत्येकाला वाटत होतं की सगळी उपनगरं आपल्याकडेच येणार.

त्यांतले काही आज तुडुंब चालतात, काही ओस पडले. लोक म्हणतात, ऑनलाइनने मारलं. ऑनलाइनने आमचं गिऱ्हाईक नेलं हे खरंच, पण तेवढंच असतं तर आर सिटीत रविवारी पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी झाली नसती. फरक मालकीत आहे. जे मॉल चालतात तिथे सगळी जागा एका मालकाची असते आणि दुकानं भाड्याने दिलेली असतात. भाड्याबरोबर विक्रीतला हिस्साही मालकाला मिळतो, म्हणून दुकान चालावं ही त्याचीही गरज असते. कोणतं दुकान कुठे, खाण्याची जागा कितव्या मजल्यावर, कुणाला काढायचं, कुणाला आणायचं, हे तो ठरवू शकतो. आमच्यासारख्या मॉलमध्ये बिल्डरने बांधकामाला पैसा उभा करायला गाळे विकून टाकले. विकले की त्याचं काम संपलं. मालक शेकडो, आणि वाली एकही नाही. माझ्या शेजारचा गाळा दुबईत राहणाऱ्या माणसाने गुंतवणूक म्हणून घेतला, त्याचं शटर पहिल्या दिवसापासून उघडलेलं नाही. पलीकडे कर्जवसुलीचं ऑफिस आहे, त्याच्या पलीकडे गोदाम. कपड्यांच्या चार दुकानांमध्ये एक गोदाम आलं की त्या गल्लीत गिऱ्हाईक वळत नाही. हे ठरवायला कुणीच नव्हतं.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. ऑगस्टमध्ये उघडलं, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, मग १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही डोस घेतलेल्यांनाच आत प्रवेश. त्या काळात आम्ही मेंटेनन्स भरू शकलो नाही. मेंटेनन्स नाही म्हणून एसी दुपारी चारनंतर, मग फक्त शनिवार-रविवार. सरकता जिना उभा राहिला तो उभाच. पहिल्या मजल्यावर बिग बझार होतं, लोक त्यासाठी यायचे आणि जाता-येता आमच्याकडे डोकवायचे. २०२२ च्या फेब्रुवारीत देशभर त्यांची दुकानं बंद झाली, त्यात आमचंही गेलं. त्या एका दुकानाबरोबर आमची निम्मी गर्दी गेली. त्याच्या आधीपासून दारासमोर मेट्रो ४ चं काम चालू होतं, पत्रे लागले होते, रिक्षा थांबायला जागा नव्हती. आणि आता वडाळा ते कासारवडवली मेट्रो धावणार म्हणून त्याच जमिनीला सोन्याचा भाव आलाय. ती बांधली जात असताना आम्ही दुकानदारांनी सोसलं. ती सुरू झाल्यावर फायदा कुणाला, हे आपल्या सहीवर ठरणार आहे.

ही गोष्ट एका रस्त्याची नाही. नाइट फ्रँक या संस्थेने २०२३ साली देशातल्या आठ मोठ्या शहरांत ६४ असे मॉल मोजले, ज्यांतली चाळीस टक्क्यांहून जास्त जागा रिकामी आहे. आदल्या वर्षी ते ५७ होते. त्या चौसष्ट मॉलांचं क्षेत्र मिळून १ कोटी ३३ लाख चौरस फूट. एवढी बांधलेली, छप्पर असलेली, लिफ्ट आणि संडास असलेली जागा शहरांच्या मध्यात पडून आहे, आणि आमच्या वॉर्डातल्या पालिका दवाखान्यात रुग्ण जिन्यावर बसतात.

‘ओस पडलेला मॉल’ असं कागदावर लिहिलेलं असतं, तेव्हा आपल्याला वाटत असेल की तिथे चिटपाखरूही नसतं. तसं नाही. सकाळी नऊला शटर वर केलं की मला रोज तीच माणसं दिसतात. मागच्या चाळीतले सात-आठ आजोबा जिन्याच्या कठड्याला टेकून पेपर वाचतात. दुपारी एमपीएससीची तयारी करणारी मुलं बंद दुकानांच्या पायऱ्यांवर पुस्तकं उघडून बसतात, घरी दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू असतो म्हणून. त्यांतल्या एका मुलीला मी माझ्या काउंटरचं एक टोक दिलं आहे. ती तिथे नोट्स काढते, मी आत असले तर गिऱ्हाइकाला थांबवून ठेवते. बाहेर फुटपाथवर भाजी विकणाऱ्या चौघीजणी दिवसातून दोनदा आत येतात, कारण या रस्त्यावर त्यांच्यासाठी दुसरं शौचालय नाही. आमचा सिक्युरिटीवाला त्यांना अडवत नाही.

मुंबईतला पहिला मोठा मॉल, हाजी अलीजवळचा क्रॉसरोड्स, १९९९ साली उघडला तेव्हा आत जायला क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल दाखवावा लागे, नाही तर साठ रुपये भरावे लागत. तो नियम लोकांच्या संतापामुळे टिकला नाही. पुढे त्या मॉलचं नाव बदललं आणि यथावकाश दुकानंही गेली. तिथून आमच्या मॉलच्या दारात भाजीवालीला मान वर करून आत येता येण्यापर्यंत पंचवीस वर्षं लागली. मॉल धंद्याला बुडाला तेव्हाच तो लोकांचा झाला, आणि नेमका आताच तो पाडायचा आहे.

माझे वडील, आबा, परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी अकरावीत होते. अडीच लाख माणसं बाहेर पडली, त्यांतले ते एक. ते परत आत गेले नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातलं कात्रण कापून ट्रंकेत ठेवलं होतं. गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर एक तृतीयांश मोकळी जागा म्हणून पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. साधं, कुणालाही समजेल असं गणित. २००१ साली त्यात बदल झाला. वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, जी जमीन आधीपासून मोकळी आहे तेवढ्याचीच होईल. गिरणीत मोकळी जमीन असते किती? सगळीकडे शेडच असतात. लोक कोर्टात गेले, उच्च न्यायालयात जिंकले, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखांहून जास्त अर्ज आले. त्यांतल्या बहुतेकांचं अजून वाट पाहणं चालू आहे, आणि अर्ज करणारे कित्येक हयात नाहीत. आबाही नाहीत.

२००९ च्या दिवाळीत मी त्यांना लोअर परळला फिनिक्समध्ये घेऊन गेले होते. १९०५ सालची गिरणी, तिची चिमणी तेवढी ठेवली आहे. आबा कपड्यांच्या दुकानांसमोरून चालत गेले, एके ठिकाणी शर्टाचं कापड बोटांत धरून सूत बघितलं, मग चिमणीच्या खाली येऊन बराच वेळ वर बघत उभे राहिले. मला वाटलं, काही बोलतील. ते म्हणाले, ‘बसायला कुठे जागा आहे का गं?’ मी इकडे तिकडे पाहिलं. बसायची जागा कॉफी घेतली तर होती. आम्ही कॉफी घेतली. एका कपाला तेव्हा जे पैसे पडले ते त्यांनी मला विचारले, आणि मी खोटा आकडा सांगितला.

म्हणून मी ‘आधी’ म्हणते. एक तृतीयांशचा शब्द खरा होता, लिहिलेला होता, राजपत्रात छापलेला होता. तो पाळायची वेळ शेवटी ठेवली होती, आणि तोवर नियमच बदलला. कारखाने गेले तेव्हा शहराला त्या जमिनीतून काही परत मिळवता आलं असतं, ते बहुतेक हुकलं. आता त्या जमिनींवरचे मॉल पाडले जाताहेत. दुसरी संधी आली आहे. हे टॉवर एकदा उभे राहिले की साठ-सत्तर वर्षं हलणार नाहीत.

खालच्या दोन मजल्यांत काय असावं, हे प्रत्येक वॉर्डाने आपापलं ठरवावं. आमच्याकडे मला दिसतं ते सांगते. रस्त्याच्या पातळीवर मंडई, ज्यात फुटपाथवरच्या विक्रेत्यांना नावानिशी ओटे मिळतील. वर अभ्यासिका, रात्री अकरापर्यंत उघडी. बाह्यरुग्ण दवाखाना. पैसे न देता बसता येईल अशी जागा, आणि चांगली शौचालयं. आणि या सगळ्याची तोंडं रस्त्याकडे, खिडक्यांसह. पार्किंगचे मजले रस्त्यावर उभे करून चालणाऱ्या माणसासमोर आणखी एक भिंत घालू नका. मेट्रोच्या जिन्यावरून उतरलेला माणूस सरळ मंडईत शिरला पाहिजे.

आम्हा गाळेधारकांचंही ऐका. गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासाला सहकारी संस्था कायद्यातल्या कलम ७९(अ) ची कार्यपद्धती आहे. सभा कशी घ्यायची, संमती कशी मोजायची, बिल्डर कसा निवडायचा, सगळं लिहिलेलं आहे. आमच्या मॉलची सोसायटीच झाली नाही, कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी नावावर करून देणं, झालं नाही, त्यामुळे आम्ही त्या चौकटीत बसत नाही. परवानगी देण्याआधी पालिकेने स्वतः गाळेधारकांची यादी करावी, रजिस्टर कराराप्रमाणे. प्रत्येकाला नव्या इमारतीत तेवढीच जागा, रस्त्याच्या बाजूला, आणि मधल्या काळात भाडं, हे परवानगीच्या अटींत यावं. ज्याला पैसे घेऊन बाहेर पडायचंय त्याला तो पर्याय असावा. मला बाहेर पडायचं नाही.

जिथे इमारत न पाडता वापर बदलायचा असेल तिथे मात्र एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये असेच शेकडो गाळे विकलेले होते, तिथेही मालक अनेक. त्याच इमारतीत वर रुग्णालय सुरू झालं. मार्च २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, रात्री मॉलला आग लागली, धूर वर गेला आणि रुग्ण दगावले. त्या रात्री आमच्या गच्चीवरून धूर दिसत होता. चालत जाऊ शकणाऱ्या गिऱ्हाइकासाठी बांधलेली इमारत आणि पलंगावर खिळलेल्या माणसासाठी लागणारी इमारत या दोन वेगळ्या असतात, राष्ट्रीय इमारत संहितासुद्धा त्यांना वेगवेगळ्या गटांत धरते. वँडरबिल्टने मॉलमध्ये नेला तो तपासणीचा विभाग होता, रुग्ण संध्याकाळी घरी जातात. दवाखाना मागते आहे तो तसाच मागते आहे. रात्री कुणाला झोपवून ठेवण्याचा नाही.

हे परवडत नाही असं आपल्याला सांगितलं जाईल. त्याचं उत्तर आपल्याच नियमांत आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत, आणि बाकी राज्यासाठी २०२० साली आलेल्या यूडीसीपीआर या एकत्रित नियमावलीतही, आरक्षित जागेवर मालकाने सार्वजनिक सुविधा बांधून पालिकेला विनामूल्य द्यायची आणि त्या बदल्यात जमिनीवरचा बांधकामाचा हक्क वापरायचा, अशी सोय आहे. बांधकाम व्यावसायिक ती वर्षानुवर्षं वापरतात, म्हणजे त्यांना ती परवडते. मॉलच्या जमिनीवर तसं आरक्षण नसतं, एवढीच अडचण आहे, आणि ती दूर करणं आपल्या अधिकारातलं आहे. एखादा कारखाना किंवा मॉल पाडून निवासी टॉवर उभा करायचा असेल तर खालचे दोन मजले याच पद्धतीने द्यावे लागतील, असा सर्वसाधारण नियम करा. प्रत्येक फाइलवर वेगळी वाटाघाट नको. वाटाघाटीत आमच्यासारखे लोक टेबलाजवळही नसतात.

दुसरं एक म्हणणं मी आमच्याच शेजाऱ्यांकडून ऐकते, की पालिकेला जागा दिली तर ती कुलूप लावून ठेवेल. यात तथ्य आहे. आमच्याच वॉर्डात एका इमारतीखाली वाचनालयासाठी मिळालेली जागा पाच वर्षं बंद आहे, शटरसमोर मोटारसायकली लागतात. म्हणून ताबा घेतल्यापासून सहा महिन्यांत जागा सुरू झालीच पाहिजे, आणि नाही झाली तर परिसरातल्या एखाद्या संस्थेला किंवा महिला बचत गटांच्या संघाला ती चालवायला द्यावी, असं त्याच अटीत लिहा. आम्ही चालवू. मुलांची अभ्यासिका तर आम्ही गाळेधारक आजही कुणी न सांगता चालवतोच आहोत, फक्त ती पायऱ्यांवर आहे.

आमच्या मॉलच्या प्रस्तावावर हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा सुनावणीची तारीख कृपा करून वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात छापून सोडू नका. मॉलच्या मुख्य दारावर मराठीत मोठ्या अक्षरांत लावा, रस्त्यावरून वाचता येईल अशी. भाजीवाल्या चौघीही येतील. त्यांतली एक विचारत होती, ओटा मिळाला तर लाइटबिल किती येईल. तिला मी सांगितलंय, सुनावणीत साहेबांनाच विचार.

माझा रजिस्टर करार, मेंटेनन्सच्या पावत्या आणि मॉलचा मंजूर नकाशा यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. नकाशावर तळमजल्याच्या मध्यभागी ‘सार्वजनिक चौक’ असं लिहिलेलं आहे. मी त्याला लाल पेन्सिलीने गोल केला आहे.

आपली विश्वासू,
एलबीएस रोडवरच्या मॉलमधली एक गाळेधारक